बास अ‍ॅम्प वाजता वाजता मध्येच गप्प होतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी मालवणजवळ राहतो, ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवतो. 300 वॅटचं जुनं ट्रान्झिस्टर हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) आहे, त्याला 8 ओहमचा एकच स्पीकर बॉक्स. सुरू केल्यावर पंधरा-वीस मिनिटं सगळं छान, मग आवाज अचानक गायब. कधी दोन सेकंद, कधी अख्खं कडवं. दिवा चालू, पंखा फिरतोय, बिघाड झाला की लागणारा प्रोटेक्टचा लाल दिवाही लागत नाही. परवा एका लग्नात साउंडवाला स्टेजमागून ओरडला, "बासचो आवाज खंय गेलो रे?" माझी बोटं तारांवर चालूच होती. फार वाईट वाटलं. बास गेला की गाणाऱ्याच्या पायाखालची जमीनच जाते.

गिटारची केबल, स्पीकरची केबल, गिटारमधली 9 व्होल्टची बॅटरी, सगळं बदललं. आधी संशय लाईटवर होता, कारण वाडीत संध्याकाळी पंप लागले की मीटर 185 व्होल्ट दाखवतो. पण लग्नात जनरेटरवर 230 होते तरी तेच. गरम झाला म्हणावं तर हाताला जेमतेम कोमट लागतो. इथल्या दुरुस्तीवाल्याने दोन दिवस ठेवून "माझ्याकडे एकदाही बंद पडला नाही" म्हणून परत दिला. कोल्हापूरला न्यायचा तर घाट चढून जायला हवं, आणि शनिवारी कार्यक्रम आहे.

एक गोष्ट विचित्र वाटते. आवाज गेलेला असताना जाडी ई तार जोरात मारली की फट् करून परत येतो. हळू वाजवत राहिलं तर येत नाही. घर खाडीला लागून आहे, हेड सगळा पावसाळा बंद पडून होतं, मागचे जॅक हिरवट झालेत. याचा संबंध असेल का?

प्रतिसाद १

शेवटच्या परिच्छेदातच उत्तर आहे. उष्णतेने बंद पडला असता तर थंड व्हायला काही मिनिटं घेतली असती, तार मारल्याने जागा झाला नसता. जोरदार सिग्नलने आवाज परत येतो म्हणजे कुठेतरी कॉन्टॅक्टवर गंज धरलाय. मोठा सिग्नल तो पातळ थर भेदून जातो, बारीक सिग्नल अडकतो.

मागे इफेक्ट्स लूपचे, म्हणजे बाहेरचं इफेक्टचं यंत्र मध्ये जोडायचे, सेंड (बाहेर) आणि रिटर्न (परत आत) असे दोन जॅक असतील. त्यांत काही लावलेलं नसतं तेव्हा सगळा आवाज रिटर्न जॅकच्या आतल्या छोट्या पत्तीतून पुढे जातो. ती पत्ती खाऱ्या हवेने काळी पडते. एक छोटी केबल घ्या, सेंडमधून रिटर्नमध्ये घाला आणि तासभर वाजवा. आवाज गेला नाही तर चोर सापडला. तरीही गेला तर डीआयची लाईन (हेडमधून थेट मिक्सरला जाणारा सिग्नल) मिक्सरला द्या. तिथे बास येत राहिला आणि बॉक्स गप्प, तर दोष पुढे आहे, बहुधा स्पीकरच्या रिलेत (स्पीकर जोडणाऱ्या-तोडणाऱ्या आतल्या स्विचमध्ये).

झाकण मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर चार्ज धरून असतात.

धागाकर्ता

मनापासून आभार! काल रात्री केबल घालून सव्वा तास वाजवलं, एकदाही गेला नाही. मग केबल काढली, तर दहाव्या मिनिटाला गप्प. परत घातली, परत सुरू. शनिवारी ती तशीच ठेवून वाजवलं तर चालेल ना?

प्रतिसाद १

बिनधास्त. फक्त चिकटपट्टीने नीट बांधा, पायात अडकून निघायला नको. नंतर कॉन्टॅक्ट क्लीनर आणा, प्लगच्या टोकावर मारा आणि हेड बंद ठेवून रिटर्नमध्ये दहा-पंधरा वेळा घाला-काढा. बिजागरीला मारायचं तेल नको, ते आत राहून धूळ धरतं. इनपुट जॅकलाही तेच करा. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास हेड चालू ठेवत जा. आतल्या उबेने दमट हवा टिकत नाही.