मान दुखू लागल्यापासून डोक्याचा अंदाज चुकतो का? (अनुभव धागा)

धुरकरी
काल खांदशेकणी होती. बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ म्हणत असताना मागून मुलाने हाक मारली. बैलाने सहज मान वळवून पाहिले, मला मात्र पायांसकट सगळे अंग फिरवावे लागले. माझी मान सहा वर्षांपासून दुखते. मागे यवतमाळला फिजिओथेरपिस्टने माझ्या डोक्याला लेझरचा दिवा बांधून, समोर ९० सेंटिमीटरवर कागद लावून, डोळे मिटून मान उजवीकडे नेण्यास व पुन्हा मध्यावर आणण्यास सांगितले. मी अगदी मध्यावर आलो असे शपथेवर सांगितले असते, पण डोळे उघडले तर लाल ठिपका खुणेपासून सहा बोटे दूर होता. असे आणखी कोणाला झाले असल्यास अवश्य लिहावे.

पऱ्हाटीतली
कापूस वेचण्याच्या दिवसांत मान दिवसभर खालीच असते. संध्याकाळी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पटकन पाहिले की झाडे सरकल्यासारखी वाटतात. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन सगळे ठीक निघाले. सासूबाईंचे निदान एकच, मी उपाशी राहते.

शिकाऊ फिजिओ
ताई, तुमची चक्कर मानेतूनही येत असेल. कवटीच्या तळाशी असलेल्या लहान स्नायूंत डोक्याची स्थिती मेंदूला कळवणारी संवेदनाग्रे फार दाट असतात. दीर्घकाळच्या दुखण्याने त्यांची बातमी बिघडते आणि डोळे व आतला कान यांच्या बातमीशी तिचा मेळ बसत नाही. त्यातच खोलवरचे स्नायू सुस्तावतात, वरचे स्नायू त्यांचे काम ओढतात, म्हणून मान हळू, कमी आणि झटक्या-झटक्याने वळते. धुरकरी दादा, त्या अंतरावर साधारण ७ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार अंशांपेक्षा जास्त चूक झाली तर नियंत्रण बिघडले असे धरतात. हातांना मुंग्या येत असतील किंवा चालताना तोल जात असेल, तर मात्र व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवावे.

वरुडचा संत्रावाला
आमचे उलटे आहे, संत्री तोडताना मान सारखी वर. शिडीवरून खाली पाहताना पायरीचा अंदाज चुकून मी दोनदा घसरलो आणि दोन्ही वेळा दोष चपलेला दिला.

पऱ्हाटीतली
दादा, चप्पल बिचारी निर्दोष सुटली म्हणायची! लेझर नसेल तर घरी सराव कशाने करावा?

धुरकरी
रात्रीच्या ओलिताला डोक्यावर बांधतो त्याच बॅटरीने. तिच्या काचेवर काळी चिकटपट्टी लावून मी सुईएवढे छिद्र पाडले आणि भिंतीवर कोळशाने फुली काढली. रोज दहा-बारा वेळा डोळे मिटून मान वळवतो, परत आणतो आणि मग पाहतो. पहिल्या आठवड्यात काहीच फरक नव्हता. सोबत उताणे पडून हनुवटी अगदी हलकेच आत घेण्याचा व्यायाम होता, तो मला पोरकट वाटून मी टाळत असे. तो नेमाने सुरू केल्यावर दोन महिन्यांनी चूक तीन बोटांवर आली. दुखणे पूर्ण गेलेले नाही. भिंतीवरची फुली बायकोने पोळ्यासाठी सारवताना पुसली, ती आज पुन्हा काढायची आहे.