मदत हवी आहे: एसडीक्यूमधल्या 'समवयस्क' उपश्रेणीचा अल्फा फार कमी येतोय

नमस्कार मंडळी. ११ ते १७ वयोगटातल्या मुलांनी स्वतः भरायची एसडीक्यू (मुलांच्या भावना, वागणूक आणि नातेसंबंधांतल्या अडचणी व बलस्थानं मोजणारी प्रश्नावली) मराठी माध्यमाच्या आठवी-नववीच्या वर्गांत भरून घेतली आहे. २५ विधानं, ०-१-२ असे गुण. समवयस्कांशी संबंधांच्या पाच विधानांचा (६, ११, १४, १९, २३) क्रोनबाख अल्फा (विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत ते सांगणारा आकडा) मात्र फारच खाली राहतोय.

पूर्ण प्रश्नावलीत ७, ११, १४, २१, २५ यांचे गुण उलटे धरायचे असतात, ते दोनदा तपासलं. खरा संशय विधान २३ वर आहे: बरोबरीच्या मुलांपेक्षा मोठ्यांशी जास्त पटतं, असं ते विधान. मोठ्या माणसांशी जास्त पटणं ही आपल्याकडे अडचण मानतच नाहीत. आजी-आजोबांसोबत वाढणाऱ्या मुलाचं तर त्याबद्दल कौतुकच होतं. पण ते विधान गाळलं की अडचणींच्या २० विधानांच्या एकूण ४० गुणांचं गणित बिघडतं आणि इतर अभ्यासांशी तुलनाही करता येत नाही. शब्द परवानगीशिवाय बदलता येत नाहीत.

पर्याय तीनच, म्हणून पॉलिकोरिक सहसंबंधांवरून (मोजक्या क्रमवार पर्यायांसाठीचे सहसंबंध) ओमेगा (अल्फासारखाच विश्वसनीयतेचा दुसरा आकडा) काढणं योग्य ठरेल का? की गुडमन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये कमी जोखमीच्या गटांसाठी सुचवल्याप्रमाणे भावनिक आणि समवयस्क उपश्रेणी एकत्र करून १० विधानांचा एकच गुणांक घ्यावा? आणि विधानं मुलांना नीट कळतात का ते पाहायला त्यांना एकेकटं बसवून 'हे वाचून काय समजलं?' असं विचारायचं, तर प्रत्येक इयत्तेतली किती मुलं घ्यावीत?