डायनोसॉरवरील माहितीपटांत पुरावा कुठे संपतो आणि कल्पना कुठे सुरू होते?

प्रश्न – कुतूहल

२०२२ साली आलेली ‘प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’ ही मालिका नुकतीच पाहून संपवली. तिच्यातील जंगलांवरच्या भागात कार्नोटॉरस नावाच्या शिकारी डायनोसॉरचा नर जमिनीचा एक तुकडा साफ करतो आणि आपले चिमुकले हात हलवत मादीपुढे नाचतो. ते हात चक्क निळे आहेत. डेव्हिड ॲटनबरो यांचे निवेदन इतके ठाम आहे की हे सारे कोणीतरी झाडाआडून चित्रित केले असावे असे वाटते. अशा प्रसंगातील कोणता भाग जीवाश्मांवर आधारलेला असतो आणि कोणता निर्मात्यांनी रचलेला, हे सामान्य प्रेक्षकाने कसे ओळखावे?

प्रतिसाद – खडकवाचक

आपण नेमका प्रसंग निवडला आहे. कार्नोटॉरसचा सांगाडा १९८४ साली अर्जेंटिनात सापडला आणि होसे बोनापार्ते यांनी १९८५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. या प्राण्याविषयीचे आपले जवळजवळ सर्व ज्ञान त्या एकाच सांगाड्यावर उभे आहे. मात्र तो बराचसा पूर्ण असून त्याच्यासोबत कातडीचे ठसेही मिळाले आहेत, त्यामुळे पडद्यावर दिसणारी खवलेदार, बिनपिसांची त्वचा निर्मात्यांनी मनाने ठरवलेली नाही. हातांचे म्हणाल, तर कोपराखालचा भाग अगदीच आखूड आहे, पण दंडाच्या हाडाचे टोक गोलसर असल्याने खांदा बऱ्याच दिशांना फिरू शकत असावा. ज्या हाताने काही पकडताही येत नाही तो इतका मोकळा का हलावा, या कोड्याचे एक संभाव्य उत्तर म्हणून मादीपुढील प्रदर्शनाकडे पाहिले जाते.

जमीन उकरण्यालाही आधार आहे, पण तो उसना आहे. कोलोरॅडोतील सुमारे १० कोटी वर्षांपूर्वीच्या वालुकाश्मात थेरोपॉड (दोन पायांवर चालणाऱ्या, बहुतांश मांसाहारी) डायनोसॉरांनी नखांनी ओरबाडलेले मोठे खड्डे आढळले, आणि जमिनीवर घरटी करणारे आजचे काही पक्षी विणीच्या हंगामात अशाच खुणा करत असल्यामुळे २०१६ साली संशोधकांनी त्यांचा संबंध प्रणयप्रदर्शनाशी जोडला. ते खड्डे कार्नोटॉरसचे नव्हेत. खंड वेगळा आणि काळातही कोट्यवधी वर्षांचे अंतर. निळ्या रंगाला तर काहीच आधार नाही.

म्हणजे एकाच प्रसंगात प्रत्यक्ष अवशेष, शरीररचनेवरून काढलेले अनुमान, दुसऱ्या प्राण्यावरून घेतलेला दाखला आणि निखळ कल्पना असे सारे समोरून सरकत जाते, आणि निवेदकाचा आवाज मात्र एकाच पट्टीत लागलेला असतो. कल्पनेला माझी हरकत नाही. खटकते ती ही एकच पट्टी.

प्रतिसाद – सागरतळ

आकड्यांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. बीबीसीच्या १९९९ सालच्या ‘वॉकिंग विथ डायनोसॉर्स’मध्ये लायोप्लूरोडॉन हा सागरी सरीसृप (तो डायनोसॉर नव्हेच) २५ मीटर लांब आणि १५० टन वजनाचा दाखवला होता. आज त्याची लांबी साधारणपणे ६ ते ८ मीटर मानली जाते. तुटक अवशेषांवरून काढलेल्या अंदाजांपैकी सर्वांत भव्य अंदाज पडद्यासाठी उचलला गेला की असे होते.

प्रतिसाद – कुतूहल

दोघांचेही आभार. मग रंग आणि आवाज या गोष्टी नेहमीच काल्पनिक समजाव्यात का?

प्रतिसाद – खडकवाचक

रंगाबाबत तसे म्हणता येणार नाही. पिसे उत्तम टिकली असतील तर त्यांतील मेलानोसोम या रंगद्रव्याच्या सूक्ष्म पिशव्यांचा आकार इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो, आणि आजच्या पक्ष्यांशी तुलना करून रंगाचा अंदाज बांधता येतो. चीनमधील सायनोसॉरोप्टेरिक्स या पिसे असलेल्या लहान डायनोसॉरच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे होते, हे २०१० साली अशाच अभ्यासातून पुढे आले. तेव्हा त्याची पट्टेरी शेपटी दिसली तर विश्वास ठेवायला हरकत नाही.

आवाजाची वाट बिकट आहे, कारण घशातील मऊ भाग क्वचितच टिकतात. तेथे आजच्या मगरी आणि पक्षी हे जिवंत नातलग कामी येतात. त्यांच्यापैकी अनेक जण तोंड मिटून खोल, घुमणारा आवाज काढतात, म्हणून सिंहासारखी डरकाळी फोडणाऱ्या टायरानोसॉरसपेक्षा मिटल्या तोंडाने घुमणारा टायरानोसॉरस मला अधिक पटतो.

प्रतिसाद – संकलक

एकाच पट्टीबद्दलच्या तक्रारीशी मी पूर्ण सहमत नाही. जॉन हर्ट यांचे निवेदन असलेल्या ‘प्लॅनेट डायनोसॉर’ या २०११ सालच्या मालिकेत कथा मध्येच थांबवून जीवाश्म दाखवले जात असत. प्रश्नकर्त्यांना ती जरूर आवडेल, पण मला त्या थांब्यांमुळे प्राण्याचा माग सुटल्यासारखे वाटे. शिवाय जिवंत प्राण्यांच्या माहितीपटांतही वेगवेगळ्या दिवशीची दृश्ये जोडून एक घटना उभी केली जाते आणि पावलांचे आवाज पुष्कळदा स्टुडिओत भरले जातात. निवेदकाचा ठामपणा हा त्याच परंपरेतून आलेला आहे.

‘प्रीहिस्टॉरिक प्लॅनेट’च्या मुख्य भागांना जोडून शास्त्रीय आधार सांगणारे छोटे पूरक भागही काढलेले आहेत, ते आधी पाहावेत. त्यापुढे एखाद्या प्राण्याबद्दल शंका आली, तर त्याचे किती सांगाडे मिळाले आहेत एवढे शोधले तरी बरेच कळते. टायरानोसॉरसचे कित्येक सांगाडे उपलब्ध असल्याने त्याच्या वाढीविषयीचे विधान आणि एका सांगाड्यावरच्या कार्नोटॉरसच्या वर्तनाविषयीचे विधान, दोन्ही सारख्याच ठामपणे उच्चारली गेली तरी सारखी तोलू नयेत.