मदत हवी आहे: फ्लॉरेन्समध्ये भाड्याची गाडी तीनदा 'झेडटीएल'मध्ये (परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असलेल्या भागात) शिरली, आता दंड कसा भरायचा?

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात मी, बायको आणि आई-बाबा असे चौघं इटलीला जाऊन आलो. पिसा विमानतळावर गाडी भाड्याने घेतली. आरटीओतून काढलेलं आंतरराष्ट्रीय परमिट जवळ होतं, रस्त्याच्या उजवीकडून चालवायची सवयही तासाभरात झाली. घोळ झाला तो फ्लॉरेन्समध्ये.

हॉटेल जुन्या शहरात, सांता क्रोचे चर्चजवळ. बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून गाडी थेट दारापर्यंत न्यायची होती. मॅपही तिकडेच नेत होता. एका गल्लीच्या तोंडाशी लाल कडेचा पांढरा गोल आणि शेजारी दिव्यांची पाटी: 'वार्को आत्तीवो'. बायको म्हणाली, "अ‍ॅक्टिव्ह लिहिलंय, म्हणजे रस्ता चालू आहे. घे आत." मलाही ते पटलं. पुढे सगळे एकेरी रस्ते. हॉटेलची गल्ली हुकली की आर्नो नदीच्या काठाला बाहेर, आणि वळसा घालून पुन्हा त्याच पाटीखालून आत. असं तीनदा. तिसऱ्या फेरीला कोपऱ्यावरच्या कॅफेतले एक आजोबा उठून दोन्ही हात हलवत ओरडायला लागले. बाबांनी काच खाली करून त्यांना छान नमस्कार केला. आई म्हणाली, "किती अगत्याची माणसं आहेत इथली!"

अर्थ कळला तो हॉटेलच्या काउंटरवर. वार्को म्हणजे प्रवेशद्वार, आणि ते 'आत्तीवो' म्हणजे कॅमेरा चालू, परवाना नसेल तर आत यायचं नाही! 'नॉन आत्तीवो' असेल तेव्हाच आपल्यासारख्यांना मोकळीक. हॉटेलवाले पाहुण्यांच्या गाडीचा नंबर कळवू शकतात, म्हणून तिथल्या मुलीने तो लिहूनही घेतला. पण आधीच्या दोन फेऱ्यांचं काय, ते विचारायचं राहून गेलं.

गेल्या आठवड्यात क्रेडिट कार्डातून तीन वेळा ४५ युरो गेले. ही फक्त आमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवल्याची गाडी कंपनीची फी आहे. खरा दंड अजून यायचाय. इटलीत अशी नोटीस आल्यापासून पाच दिवसांत पैसे भरले तर ३० टक्के सूट मिळते, त्यामुळे तयारीत राहायचंय.

ज्यांना हा अनुभव आहे त्यांनी कृपया सांगा: भारतातलं कार्ड ऑनलाइन चाललं, की बँकेतून युरो पाठवावे लागले? हॉटेलने नंबर कळवल्याचा पुरावा दाखवून कुणाची एखादी नोटीस रद्द झाली आहे का? आणि मुख्य काळजी म्हणजे लायसनवर आमचा ठाण्याचा जुना पत्ता आहे, आम्ही आता पुण्यात राहतो. गाडी कंपनीला नवा पत्ता मेलने कळवला तर ते पुढे पोहोचवतात का? तूर्तास जुन्या सोसायटीच्या वॉचमनकाकांना फोन करून ठेवलाय, की इटलीचं रजिस्टर पत्र आलं तर परत पाठवू नका, लगेच कळवा.