अनुभव धागा : परिपाठाच्या रांगेतली मुसलमान पोरं

रत्नागिरी-रायगडच्या शाळांत शिकलेली मुसलमान मुलंमुली, त्यांचे पालक, त्यांचे शिक्षक, सगळ्यांसाठी हा धागा. परिपाठ, झेंडावंदन, प्रतिज्ञा, वंदे मातरम्. बातम्यांतलं नको, स्वतःचं लिहा. शाळेचं नाव टाळा.

सुरुवात मीच करते. खेडजवळचं आमचं गाव. उर्दू शाळा मोहल्ल्यात, मराठी शाळा वरच्या वाडीत. अब्बा कुवेतला, पण हट्ट मराठी शाळेचा. कचेरीतले कागद मराठीतच येतात म्हणायचे. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा यांना घरातून कधीच हरकत नव्हती. प्रतिज्ञा तर सातवीत मीच पुढे उभी राहून सांगायचे. अडायचं ते वंदे मातरम्‌ला. दादीचं म्हणणं, उभी राहा, पण हात जोडू नको. मी पहिली ओळ म्हणायचे, मग नुसते ओठ हलवायचे. कोण बघतंय? १९९२ चा डिसेंबर उलटल्यावर मात्र शेजारची मैत्रीण बघायला लागली.

हर्णै
आमच्याकडे १५ ऑगस्ट म्हणजे पाऊस आणि प्रभातफेरी. उर्दू शाळेची फेरी एकीकडून, मराठी शाळेची दुसरीकडून, बाजारात गाठ पडली की घोषणांची जुगलबंदी. घसा बसेपर्यंत ओरडायचो. मशिदीच्या पायरीवर जमातीची माणसं लिमलेटच्या गोळ्या घेऊन उभी, दोन्ही शाळांना सारख्याच. वंदे मातरम्‌चं काही आठवत नाही, खरंच.

निवृत्त शिक्षक, चिपळूण तालुका
मी हिंदू. चौथीतला एक मुलगा वंदे मातरम्‌ला ताठ उभा राही, म्हणत नसे. केंद्रप्रमुखांच्या भेटीत नेमकं ते दिसलं आणि माझ्याकडून लेखी खुलासा मागवला. मी १९८६ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल लिहिला. केरळात यहोवा या ख्रिस्ती पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला आदरानं उभी राहत, गात नसत. शाळेनं काढलं, कोर्टानं परत घ्यायला लावलं. तेही राष्ट्रगीताच्या बाबतीत! १९७१ चा कायदा राष्ट्रगीत बंद पाडणाऱ्याला, गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा सांगतो, गप्प उभं राहणाऱ्याला नाही. खुलासा फायलीत गेला. त्या पोराला यातलं काही कळू दिलं नाही.

राजापूर
आम्ही सगळं म्हटलं आणि आमचं काही बिघडलं नाही. १९३७ साली काँग्रेसनं पहिली दोनच कडवी ठेवली. त्यांत पाणी, वारा, पिकं. दुर्गा पुढच्या कडव्यांत. कोकणातल्या माणसाला पाणी-वाऱ्याची कसली हरकत? उगाच धागे काढता.

श्रीवर्धन
राजापूरवाले भाऊ, तुमच्याकडे कुणी निरखून बघितलं नाही, म्हणून बरं. माझा मुलगाही सगळं म्हणतो. २६ जानेवारीला सरांनी माईकवरून त्याचं एकट्याचं नाव घेतलं, ‘भारत माता की जय, तू म्हण, मोठ्यानं.’ म्हटलं त्यानं. ‘अजून मोठ्यानं.’ पोरं हसली. घरी येऊन जेवला, मग विचारतो, ‘अम्मी, बाकीच्यांना एकदाच कसं पुरतं?’ मुख्याध्यापकांना भेटले. गंमत केली असेल, मनावर घेऊ नका, म्हणाले. आता झेंडावंदनाच्या आदल्या रात्री त्याचं पोट दुखतं. नवरा दोह्याहून फोनवर सांगतो, गप्प बस, दहावी होऊ दे. पाचवीत आहे तो!

राजापूर
हे वाईट झालं, ताई. गाणं न म्हणणाऱ्यावर मी बोलत होतो. तुमचा तर म्हणतोय.

निवृत्त शिक्षक, चिपळूण तालुका
ताई, तोंडी तक्रार हवेत जाते. शाळा जिल्हा परिषदेची असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार तिथे शाळा व्यवस्थापन समिती असणारच, आणि तिच्यात किमान पाऊण हिस्सा पालक. अर्ज समितीच्या नावानं लिहा. धर्माचा विषय काढू नका. एका मुलाला वेगळं काढून ओरडायला लावलं, एवढंच लिहा. तारीख घाला, पोच घ्या. मसुदा हवा असेल तर मी करून देतो.