एअर इंडिया बिल्डिंग सरकारची झाली, तर माथ्यावरचा धनुर्धारी ठेवायचा का?

खाऱ्या_वाऱ्याचा
नरिमन पॉइंटची एअर इंडिया बिल्डिंग राज्य सरकारने घ्यायचं ठरवलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने १६०१ कोटींना मंजुरी दिली, मार्च २०२४ मध्ये केंद्रानेही होकार दिला. आत मंत्रालयाची खाती खुशाल बसवा, पण नाव आणि वरचं लाल धनुर्धाऱ्याचं चिन्ह, म्हणजे कंपनीचं जुनं बोधचिन्ह, हलवू नका. १९७४ पासून या २३ मजल्यांनी मरीन ड्राइव्हचं ते टोक ओळखू येतं. मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेलं, २०२२ मध्ये कंपनी टाटांकडे गेली आणि इमारत त्या सौद्यात नव्हतीच. तरी टॅक्सीत बसल्यावर आपण 'एअर इंडिया' एवढंच म्हणतो ना?

फाईल_पुढे_सरकवा
अजिबात नको. एअर इंडिया आता खासगी कंपनी आहे. सरकारी कचेरीच्या डोक्यावर तिचं नाव कशाला मिरवायचं? उद्या दुसरी विमान कंपनी विचारेल, आमची पाटी कुठे लावू?
आणि इमारत घेतली कशासाठी ते विसरू नका. २०१२ च्या आगीनंतर मंत्रालयातली कार्यालयं इकडेतिकडे पांगली, काही भाड्याच्या जागेत. गडचिरोलीहून एका सहीसाठी आलेल्या माणसाला चार पत्ते हुडकावे लागतात. त्याला धनुर्धारी नको, एका छताखाली टेबलं हवीत.

खाऱ्या_वाऱ्याचा
टेबलं खाली, चिन्ह वर. एकमेकांच्या आड येतात कुठे? शिवाय तो धनुर्धारी कंपनीनेच कधीचा बाजूला ठेवलाय. इंडियन एअरलाइन्सशी २००७ मध्ये झालेल्या विलीनीकरणानंतर बोधचिन्हात हंस आला, २०२३ मध्ये टाटांनी आणखी नवं बोधचिन्ह आणलं. मग जाहिरात कोणाची होते?

दगडी_चाळ_नव्हे
मला मुळात हे प्रेमच कळत नाही. मरीन ड्राइव्हची खरी शान म्हणजे आर्ट डेको या जुन्या वास्तुशैलीतल्या बुटक्या इमारतींची रांग. २०१८ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली ती ती रांग, हा टॉवर नव्हे. न्यूयॉर्कचा वास्तुविशारद जॉन बर्गी याने अमेरिकन ऑफिस टॉवर आणून भराव टाकलेल्या जमिनीवर उभा केला, एवढंच. शेजारचा एक्सप्रेस टॉवर्स बघा, जोसेफ स्टाइनचा. तो दोन वर्षं आधीचा आणि माझ्या मते जास्त देखणा, पण डोक्यावर दिवा नाही म्हणून त्याचं नाव कोणी काढत नाही. म्हणजे तुमचं प्रेम निऑनच्या पाटीवर आहे, वास्तुकलेवर नाही.

खाऱ्या_वाऱ्याचा
आहेच पाटीवर! शहराच्या खुणा वास्तुविशारदांच्या परीक्षेत पास होऊन ठरत नाहीत.

बॅकबे_बाई
माझे वडील तिथे हिशेब खात्यात होते. १२ मार्च १९९३ ला तिच्या पार्किंगमध्येही स्फोट झाला. ते त्या दिवशी रजेवर होते, बरोबरीचे काही जण नव्हते. यापुढे मला लिहवत नाही. इमारत मात्र उभी राहिली. म्हणून नाव बदलायचं असेल तर बदला, पण त्या दिवसाची नोंद दर्शनी जागी राहू द्या. 'मंत्रालय विस्तार' अशी पाटी लावून सगळं धुऊन काढू नका.

फाईल_पुढे_सरकवा
बाई, हे मान्य. स्मृतिफलक हवाच, आणि तो सरकारनेच लावावा. पण स्मृतिफलक वेगळा आणि ब्रँडची पाटी वेगळी. माझा विरोध दुसऱ्याला आहे.

तळमजला
एकेकाळी खालच्या बुकिंग काउंटरवर कोणीही जाऊन तिकीट काढायचं. सरकारी झाली की गेटवर पास, आधार, रांग. शहराची खूण म्हणता, मग शहराला आत पाऊल तरी टाकता येणार का? तळमजला लोकांसाठी खुला ठेवा. एअर इंडियाचा चित्रसंग्रह गाजलेला होता, तसं काहीतरी तिथे बघायला मिळू दे. धनुर्धाऱ्यावरून भांडण नंतर करू.

दगडी_चाळ_नव्हे
खुला तळमजला मंजूर. पण धनुर्धारी उतरवला की त्या जागी काय चढेल याचा विचार करा. मला तो आवडत नाही, तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सपेक्षा बरा.

फाईल_पुढे_सरकवा
फ्लेक्स लागला तर तक्रार मीच करेन. धनुर्धारी तरीही उतरवा.