एमजीबीचं इंजिन ओरिजिनल आहे का, कसं बघायचं?

इंदूरात 1966 ची एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) विकायला आहे, मालक म्हणतात इंजिन मूळचंच आणि आरसीतला नंबरही जुळतोय. घेऊ का?

↳ आरसी जुळली म्हणजे कागद जुळले, बस. इंजिन बदलून आरटीओत नवा नंबर चढवतात लोक. ब्लॉकवर रिव्हेट केलेली पट्टी बघ, 66 च्या गाडीला नंबर 18जीबी ने सुरू व्हायला हवा, 18जी नाहीतर 18जीए निघालं तर ते 64 पर्यंतचं, क्रँकशाफ्टला तीनच बेअरिंग असलेलं जुनं इंजिन.

↳ पट्टी पण बदलतात भिया, रिव्हेट नवे दिसतात का बघा. इंग्लंडमधल्या गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून हेरिटेज सर्टिफिकेट मागवा, त्यात फॅक्टरीतला इंजिन नंबर असतो, पैसे लागतात पण लागू देत.

↳ चेसिस नंबरचा फोटो मागितला, उद्या देतो म्हणाले.

↳ मग टोकनही उद्याच.